मोतीलाल आजाच्या मुठी

रनाळ्यात बसस्टँडवरून गावात शिरलं की डाव्या हाताला निळ्या पत्र्याचं एक शेड लागतं. ती हेमकांतची पिठाची चक्की. गावात त्याला तोंडावर हेमकांत अप्पा म्हणतात आणि पाठीमागे 'त्यामा काय शे' म्हणतात. दोन्ही नावं त्याला ठाऊक आहेत, आणि दुसरं आपण स्वतःच्या तोंडाने कमावलंय हेही ठाऊक आहे. कुणाची मोटर जळो, कुणाची पपई पिवळी पडो, कुणाची सून माहेरी जाऊन बसो, हेमकांत पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करणार आणि म्हणणार, "त्यामा काय शे?" म्हणजे, त्यात एवढं अवघड ते काय. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

या एका वाक्यावर त्याने आयुष्यात बरंच काही करून ठेवलंय. शेजारच्या फत्तेसिंगचा मिक्सर त्याने उघडला होता. तो अजून उघडाच आहे. एका वर्षी मधमाश्या पाळल्या. माश्यांनी आठवड्याच्या आत घर बदललं आणि पुढे कितीतरी दिवस चक्कीवर येणाऱ्या बायका हेमकांतला आवाजावरून ओळखत होत्या. शिवणयंत्राला हात घातला तेव्हा रंजनाबाई, म्हणजे त्याची बायको, यंत्रावरच बसून राहिली म्हणून ते वाचलं. पन्नाशीला आलेल्या माणसाने यावरून काही धडा घ्यायला हवा होता. हेमकांतचं स्वतःचंही तेच मत होतं, फक्त ते त्याला काम बिघडल्यावर आठवायचं.

त्याची मुलगी मोहिनी नंदुरबारच्या एका कॉलेजात कम्प्युटर शिकत होती. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. हेमकांत स्वतः दहावी दुसऱ्या दमात पास झालेला. त्यामुळे पोरीचं कौतुक त्याला इतकं, की दळण न्यायला आलेल्या प्रत्येकाला तो पिठाबरोबर तिच्या कॉलेजची माहिती फुकट द्यायचा. आणि या पावसाळ्यात मोहिनी प्रोग्रामिंगच्या पेपरात नापास झाली. घरी आली, लॅपटॉप कपाटावरच्या गोधड्यांत खुपसला आणि चक्कीच्या दारात उभी राहून म्हणाली, "माले जमाव नही. मी आते कॉलेजले जावाव नही."

हेमकांत तेव्हा चक्कीचा पट्टा चढवत होता. त्याने मानसुद्धा वळवली नाही. "त्यामा काय शे?" तो म्हणाला. "नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!"

चक्कीवर गिऱ्हाइकं होती आणि भिला होता. भिला त्याचा चुलतभाऊ. रनाळे-नंदुरबार जीप चालवतो आणि जीप भरेपर्यंत चक्कीवर बसून कुणाची फजिती होते का याची वाट बघतो. सगळे हसले. मोहिनी रडणाऱ्यांतली नाही. तिने बापाकडे बघितलं आणि इतक्या शांतपणे बोलली की हेमकांतच्या हातून पट्टा निसटला.

"मंग तुम्ही शिका, पप्पा. एक प्रोग्राम लिखी दखाडा. आपला घरना कामना शे आणि बरोबर चालस, असा एकच. कोणाले विचारानं नही, मोबाईलमातला त्या एआयले बी नही. तुम्हले जमनं तर मी परत परीक्षाना फॉर्म भरसू. नही जमनं, तर मन्हापुढे कॉलेजनं नाव काढानं नही."

"आनि म्हसावदवालासनं काय?" भिलाने नाक खुपसलं. म्हसावदचं एक स्थळ उन्हाळ्यापासून निरोप धाडत होतं. मुलगा बरा होता, शेती बरी होती, आणि लग्नानंतर पोरीला शिकू देऊ असं मात्र त्यांच्यातलं कुणी चुकूनही बोललं नव्हतं.

"तेसले हो सांगी देवानं," असं म्हणून मोहिनी आत गेली.

परीक्षेच्या फॉर्मची मुदत राखीपौर्णिमेनंतर लगेच संपत होती. हेमकांतने चारचौघांत छाती काढून "मंजूर" म्हटलं. संध्याकाळी जेवायला बसल्यावर घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरीचं सगळं पुढचं आयुष्य आपण अशा गोष्टीवर लावून बसलो होतो, जिचं आपल्याला स्पेलिंगसुद्धा येत नव्हतं.

त्याचा अभ्यास चाले तो लाईट जाण्याच्या वेळात. लाईट असली की चक्की, गेली की शिकवणी. सगळं गाव उकाड्याने वैतागून बोटं मोडायचं आणि एकटा हेमकांत हात झटकत लॅपटॉपकडे धावायचा. शिकवायला मोबाईलवर एक हिंदी मास्तर होता. गोरा, हसरा, मागे शोभेची कुंडी. तो दर दोन वाक्यांनी म्हणायचा, "बहुत आसान है!" पहिल्या दिवशी हेमकांतला त्याचं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी त्या मास्तराच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आपल्याला न येणारी गोष्ट सोपी आहे असं दुसऱ्याने हसत हसत सांगितलं की ते किती झोंबतं, हे त्याला या वयात पहिल्यांदा कळलं. मग हेच आपण उभ्या गावाला इतकी वर्षं करत आलो, हे आठवून तो एकटाच ओशाळला आणि मास्तराला त्याने माफ केलं.

पहिला धडा होता पडद्यावर 'नमस्कार' उमटवण्याचा. हेमकांतने मोठ्या आदबीने एकेक अक्षर शोधून टाइप केलं. पडद्यावर लाल ओळी आल्या. त्याने पुन्हा केलं, पुन्हा लाल. मग तो यंत्राशी भांडायला लागला. बाजरीचा डबा घेऊन आलेली एक म्हातारी दारातच थबकली आणि म्हणाली, "अप्पा, घरमा कोनी नही, मंग भांडस कोनासंगे?" त्याच वेळी मोहिनी चहाचा कप ठेवायला आली. लॅपटॉपकडे तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि जाता जाता भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "कंस." हेमकांतने ऐकलंच नाही असं दाखवलं, ती आत जाईपर्यंत थांबला, आणि शेवटचा राहिलेला कंस घातला. 'नमस्कार' उमटला. हे कुणाला विचारण्यात मोडतं का, यावर त्याने मनाशी बराच खल केला आणि निकाल स्वतःच्या बाजूने दिला.

पुढचे दिवस असेच गेले. पीठ उडून बटणांत शिरलं आणि मधलं लांब बटण अडकून बसायला लागलं. एकदा दाबलं की यंत्र आपलं सरकतंच आहे. रंजनाबाईने लॅपटॉपला तान्ह्या बाळाची मच्छरदाणी आणून लावली. तिच्यात डोकं घालून बसलेला हेमकांत बघायला शाळेची पोरं मुद्दाम वाट वाकडी करून यायची. भिलाने तर जीपमध्ये बातमी पसरवली की अप्पा जाळीत सापडलाय.

पण हेमकांतला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. चक्कीवर गिऱ्हाईक डबा ठेवतं आणि निघून जातं. कुणी काही सांगत नाही. कुणाला भाकरीचं बारीक लागतं, कुणाला लापशीचं जाड, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, हे सगळं हेमकांत डब्यावरून ओळखतो. माणसाने न बोललेलं समजून घेणं हाच त्याचा धंदा. आणि हे यंत्र असं ठोंब्या की जेवढं सांगाल तेवढंच करणार. 'बेरीज कर' म्हटलं, बेरीज केली आणि गप्प बसलं. 'अरे, मंग ती दखाडशी का नही?' असं त्याला विचारावं, तर तेही त्याला कळत नव्हतं. उत्तर दाखव म्हणूनही वेगळं सांगावं लागायचं. हेमकांतला सुरुवातीला तो यंत्राचा आडमुठेपणा वाटला. नंतर नंतर सवय झाली. बेरीज जमली, पाढे जमले, आणि एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावण्याची युक्ती जमली तेव्हा तर तो इतका फुशारला की त्याने यंत्राकडून रंजनाबाईचं नाव पडदाभर लिहून घेतलं. ती बघून म्हणाली, "हाई बंद कसं करतस?" ते त्याला येत नव्हतं.

आता घरच्या कामाचा एक प्रोग्राम लिहायचा होता, आणि कानबाई तोंडावर आली होती.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ आणि लुगडं घालून देवी मांडतात, आणि तिच्यासाठी रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात. हेमकांतच्या भाऊबंदकीत रोटांचे गहू मोजायची रीत ठरलेली आहे. घराण्यातल्या प्रत्येक जित्या पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. सुरतेला गेलेल्याची मूठ, पाळण्यातल्या पोराचीही मूठ. बायकांची मूठ नाही. राबायला त्या आहेतच. ते गहू दळून रोट करायचे, आणि पीठ संपेपर्यंत घरात दुसरं काही भाजायचं नाही. ते पीठ बाहेरच्याला देता येत नाही, टाकता येत नाही, गुरांना घालता येत नाही. सगळं भाऊबंदांनीच खायचं आणि राखीपौर्णिमेच्या आत संपवायचं.

मुठी टाकायचा मान कौसाकाकूचा, म्हणजे भिलाच्या आईचा. ती सुपापुढे बसते, नावं घेते आणि मूठ टाकते. दरसाल यात सगळी सकाळ जाते, कारण अमक्याचं राहिलं, तमक्याचं दोनदा झालं, यावर भांडणं होतात. हेमकांतला वाटलं, यंत्राला शिकवायला यापेक्षा चांगलं काम कोणतं? नावं भरायची, यंत्र मुठी मोजणार आणि गव्हाचं वजन सांगणार. कौसाकाकूच्या सव्वा मुठीचं वजन त्याने चक्कीवरच्या काट्यावर करून घेतलं. काकू म्हणाली, "दखू बरं, तुन्हा डब्बा मन्हापेक्षा शहाना शे का!"

मग एका दुपारी तो तिच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला आणि काकूने नावं सांगितली. काकू नाव सांगते ते जुन्या वळणाने. पोराचं नाव नुसतं कधी घेत नाही, बुडापासून घेते. वंशाचं बूड म्हणजे मोतीलाल, हेमकांतचा आजा, जाऊन कितीतरी वर्षं झाली. सासऱ्याचं नाव काकू एरवी घेत नाही, पण कानबाईच्या कामाला चालतं म्हणे. नवऱ्याचं मात्र, तो वारल्यावरही, कानबाईपुढेही नाही.

"लिख," ती म्हणाली. "मोतीलाल. मोतीलालना, भिलाना बाप. भिलाना बापना भिला. भिलाना लखन."

हेमकांतने तसंच लिहिलं. काकूच्या तोंडचा शब्द इकडचा तिकडे करायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. देवाचं काम होतं. प्रत्येक माणसाची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत मोतीलालपासून त्याच्यापर्यंत सगळी नावं. मग यंत्राला सांगितलं की नाव दिसलं की सव्वा मूठ धर. प्रोग्राम चालवला. एकही लाल ओळ आली नाही. पडद्यावर गव्हाचा आकडा उमटला आणि हेमकांतने मच्छरदाणीतून बाहेर येऊन रंजनाबाईला इतक्या जोरात हाक मारली की तिला वाटलं याला यंत्राने धक्का दिला.

कानबाईच्या दिवशी हेमकांतने चक्की धुऊन काढली, पाट्यांना हळदकुंकू लावलं आणि काट्यावर गहू तोलायला घेतले. यंत्राने सांगितलेला आकडा होईना. भाऊबंदांकडून आलेले गहू संपले, तरी काटा पुढे मागतच होता. क्षणभर हेमकांतच्या मनात पाल चुकचुकली. पण त्याने तिला समजावलं. भाऊबंदकी वाढली आहे, सुरतेला पोरं होतच असतात, आणि काकूची मूठ म्हातारपणी बारीक झाली असेल, म्हणून दरसाल कमी भरत असेल. शिवाय यंत्र चुकत नाही हे त्याने स्वतःच गावभर सांगितलं होतं. त्याने आपल्या घरच्या पोत्यातले गहू ओतून आकडा पुरा केला आणि कानबाईचं नाव घेऊन चक्की सुरू केली.

पीठ न्यायला भिलाची जीप लागली. कौसाकाकूच्या ओसरीवर सगळी भाऊबंदकी जमली होती. पोती उतरली तशी गडबड थांबली. काकू पुढे आली, पिठात कोपरापर्यंत हात घातला आणि विचारलं, "हेमा, आपला घरमा कितला मानसं व्हयनात रे?"

"यंत्रनी मोजेल शे, काकू. यंत्र चुकत नही," हेमकांत म्हणाला, पण त्याचा आवाज त्याच्याच कानाला पोकळ लागला.

"मोहिनी कोठे शे?" काकू म्हणाली. "तिले बलावा. ती शिकेल शे."

मोहिनी आली. इतके दिवस ज्याला तिने हात लावला नव्हता तो लॅपटॉप तिने मांडीवर घेतला, वरून खाली वाचलं, आणि तिच्या तोंडातून हसू फुटलं. नापास झाल्यापासून पहिल्यांदा ती हसत होती, आणि हेमकांत कपाळावरचा घाम पुसत तिच्याकडे बघत राहिला.

"पप्पा," ती म्हणाली, "काकू नावं चार लेस, पण मूठ एकच टाकस. शेवटना नावले. तुम्ही यंत्रले हाई सांगंच नही. त्याने प्रत्येक नावले मूठ टाकी दिधी. लखननी ओळमा लखनले बी, भिलाकाकाले बी, आनि 'भिलाना बाप'ले बी. आनि मोतीलाल आजा तर प्रत्येक ओळमा शे."

कौसाकाकूने पदर तोंडाला लावला. "मामाजी जित्ता व्हतात तवय बी इतलं खात नव्हतात रे," ती म्हणाली, आणि सगळी ओसरी फुटली. बाया भिंतीला टेकून हसल्या. सुरतेहून आलेल्या लखनने मोबाईलवर सगळं टिपून घेतलं. ज्याचं नावही तोंडाने घेतलं नाही त्या नवऱ्यालाही यंत्राने मूठ देऊन जेवायला बसवलं, यावर काकू डोळे पुसत किती वेळ हसत होती, आणि तिचं ते सगळंच हसू नव्हतं.

"त्यामा काय शे, अप्पा?" भिलाने संधी साधली. "खाई टाकू!"

पुन्हा हशा झाला. हेमकांतला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. पण मोहिनी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्यापुढे त्याला उसना आव आणवेना.

"त्यामा भलतं काही शे, भिला," तो म्हणाला. "माले एक सादा प्रोग्राम लिखता घाम फुटना. हाई पोर इतला दिवस तेच करी ऱ्हायनी आनि मी तिले म्हनं, अंगण वाकडं. वाकडं मन्हं तोंड व्हतं."

लॅपटॉप मिटून मोहिनीने बापाच्या हातात दिला आणि बायकांत जाऊन बसली. हेमकांत शर्त हरला होता. प्रोग्राम चालला होता, पण बरोबर चालला नव्हता, आणि शर्त बरोबरची होती.

कानबाईच्या नावाने दळलेलं पीठ परत पोत्यात जात नाही. ते घरोघर वाटलं गेलं, आणि ज्याने दळलं त्याने दुप्पट खावं, असा कौसाकाकूने न्याय केला. मग रोट सुरू झाले. सकाळी रोट आणि खीर, दुपारी रोट आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, संध्याकाळी रोट आणि जे असेल ते. सुरतेची मंडळी कामाची निकड सांगून निघायला लागली तर काकूने त्यांना वाटा बांधून दिला. भिला जीपमध्ये सीटखाली डबा ठेवायचा आणि नंदुरबारच्या स्टँडवर एकटाच चावत बसायचा. शेजारचे ड्रायव्हर मागायचे, पण देता येत नव्हतं. पोरं रस्त्यात हेमकांतला बघून पोटावर हात फिरवायची. घरोघरी बाया रोट थापता थापता मोतीलाल आजाला नावं ठेवायच्या. बिचारा मेल्यावर एवढा जेवला आणि बोल लावून घेतले.

हेमकांत सगळ्यांबरोबर बसायचा, सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि खायचा. पण साऱ्या भाऊबंदकीत रोट संपू नयेत असं वाटणारा तो एकटाच होता. म्हसावदहून फोन आला होता. शर्तीप्रमाणे त्याने हो म्हणायला हवं होतं. त्याने म्हटलं, "आमना घर कानबाईना रोट चालू शेतस. संपनात की बोलसूत." पलीकडच्यांनाही ही रीत माहीत होती, ते थांबले. त्यामुळे रंजनाबाईने पिठाच्या डब्यात हात घातला की हेमकांत डब्याचा तळ दिसतो का ते बघायचा. घास तो चावून चावून खायचा. कॉलेजचं नाव मात्र त्याने काढलं नाही. चक्कीवर कुणी मोहिनीचं विचारलं तर तो चक्की सुरू करायचा, आणि लाईट नसली तर खोकायचा.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी डबा रिकामा झाला. रंजनाबाईने शेवटचा रोट भाजला, ताटात ठेवला आणि कौसाकाकूकडे निघून गेली. हेमकांत एकटाच ताटापुढे बसला. उद्या फोन करावा लागणार होता.

मोहिनी येऊन समोर बसली. बराच वेळ ती ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"पप्पा, तुम्हले लाज नही वाटनी? बठ्ठा गाव हासना."

"वाटनी ना," हेमकांत म्हणाला. "भलती वाटनी. पहिला दिन तर वाटनं, तळोदाकडे निंघी जावानं आनि जीपमा बसीसन डोंगरमा दपी बठानं. पन दळेल शे म्हटल्यावर खानंच लागस. मंग मी बठनू खावाले. हासनारा बी बठनात. तेसले बी खानं पडनं."

मोहिनी थोडी हसली. मग तिने जे सांगितलं ते हेमकांतला ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिचा प्रोग्राम एकदा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला होता. कुठेतरी काहीतरी चुकलं आणि पडद्यावर एकच ओळ धावत सुटली, थांबेचना. सगळा वर्ग हसला. शिकवणारेही हसले. दुसऱ्या दिवसापासून ती त्या तासाला गेली नाही. नंदुरबारला जायची, स्टँडजवळच्या बाकावर बसायची आणि संध्याकाळी घरी यायची. पेपर कोराच होता.

"माले ते येस, पप्पा," ती म्हणाली. "जमत नही असं नही. माले परत तठे जावानी लाज वाटे."

हेमकांतला खूप काही बोलायचं होतं. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारायचं होतं. पण सांगायला ती चक्कीच्या दारात आली होती, आणि तेव्हा आपण तिला काय म्हणालो, हे त्याला चांगलं आठवत होतं. त्याने रोट मोडला, मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवला आणि उरलेला स्वतःच्या तोंडात भरला.

मोहिनीने तुकडा उचलला. "तुम्ही शर्त हरनात," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"म्हनजे तुम्ही कॉलेजनं नाव काढानं नही."

त्याने पुन्हा मान हलवली.

"नका काढू. मीच काढस. परवा मी फॉर्म भराले जाई ऱ्हायनू. भिलाकाकानी जीपमा पुढनी सीट सांगी ठेवेल शे. म्हसावदवालासले नही सांगी द्या. आनि तुम्ही संगे येवानं नही, तठे बी कोनाले तरी काही समजाडत बसशात."

हेमकांतने जुन्या सवयीने घाईघाईने तोंड उघडलं. पण रोट कोरडा होता, घास मोठा होता, आणि नेमकं त्या वेळी त्याला एक शब्दही बोलता आला नाही. कानबाईचे त्या घरावर तेवढे उपकार झाले.